योगायोग म्हणता? मग चिठ्ठ्या टाकून पाहू!

गावच्या कारभारात आपली माणसे कुठे दिसत नाहीत, असा प्रश्न ग्रामसभेत कोणी विचारला की एक ठरलेले उत्तर मिळते. "अहो, तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणता? नावे सुचत गेली तशी कमिटी झाली. सगळा योगायोग आहे." हे उत्तर आमच्या वेळापुरात मिळते, अकलूजला मिळते आणि मुंबईतल्या मोठ्या कंपनीच्या कचेरीतही मिळते. मग आपला एखादा तरुण चिडतो, दोन शब्द जास्त बोलतो, बाकीचे हसतात आणि सभा संपते. इतिवृत्तात एक ओळही येत नाही.

आमचे म्हणणे असे की या उत्तरावर चिडण्याचे कारण नाही. योगायोग म्हणता ना? ठीक आहे, योगायोगाने काय काय होऊ शकते तेच मोजून पाहू. जगभरच्या संख्याशास्त्रज्ञांनी यासाठी एक रीत तयार केली आहे. ती ऐकायला अवघड वाटते, पण आपल्या माता-भगिनी ती दर महिन्याला वापरतात. तिचे नाव भिशी.

भिशीचा धडा

बारा बायकांची भिशी आहे. दर महिन्याला डब्यातून एक चिठ्ठी निघते. पण ही सोडत मोकाट नसते, तिला अटी असतात. वर्षात बाराच चिठ्ठ्या निघणार आणि प्रत्येकीला एकदाच रक्कम मिळणार. जिला मिळाली तिची चिठ्ठी पुन्हा डब्यात जात नाही. म्हणजे अटी पक्क्या आणि त्या अटींच्या आत नशीब मोकळे.

आता समजा, बारा जणींत भिशी चालवणाऱ्या बाईंच्या तीन नात्यातल्या आहेत आणि पहिले तीन महिने त्या तिघींचीच नावे निघाली. बाई म्हणतात, "योगायोग!" हिशेब करून पाहू. बारा जणींतून पहिल्या तीन महिन्यांच्या मानकरी निवडण्याचे २२० प्रकार आहेत. त्यांतला फक्त एक प्रकार 'तिन्ही नात्यातल्या' असा आहे. म्हणजे २२० भिश्यांत असे सरासरी एकदा घडेल. याने चोरी सिद्ध होत नाही. पण चौथ्या महिन्यात डबा सर्वांसमोर उघडा म्हणण्याचा हक्क मात्र नक्की मिळतो.

आम्ही सांगतो ती रीत एवढीच आहे. जे दोन्ही बाजूंना कबूल आहे ते कायम ठेवायचे, बाकीचे चिठ्ठ्यांवर सोडायचे, अशी सोडत अनेकदा करायची आणि प्रत्यक्षात जे घडले ते त्या ढिगात कुठे बसते ते पाहायचे.

पंगतीला शेजारी कोण?

माणसांच्या नात्यागोत्याला, ऊठबशीला संख्याशास्त्रात 'जाळे' म्हणतात. प्रत्येक माणूस एक ठिपका आणि ज्यांचे एकमेकांशी येणे-जाणे त्यांच्यामध्ये एक रेघ. कोण कोणाकडून हातउसने घेतो, कोण कोणाच्या लग्नाला जातो, कोण कोणाबरोबर कमिटीवर बसतो, या सगळ्याची अशी जाळी काढता येतात.

असली जाळी कागदावर मांडण्याचे काम अमेरिकेत जेकब मोरेनो आणि हेलन जेनिंग्ज यांनी १९३० च्या दशकात केले. न्यूयॉर्क राज्यात हडसन येथे मुलींची एक निवासी शाळा होती. तिथल्या मुलींना त्यांनी विचारले, जेवणाच्या टेबलावर तुम्हाला कोणाच्या शेजारी बसायला आवडेल? पंगतीत शेजारी कोण, या प्रश्नाचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको! मुलींनी दिलेल्या नावांवरून जाळी तयार झाली. पण मोरेनोंना पुढची शंका आली. ही जोडी जमली, ती मुलगी एकटी पडली, हे सगळे नुसत्या नशिबानेही झाले असेल तर?

म्हणून १९३८ मध्ये त्यांनी खऱ्या गटांशेजारी सोडतीने बनवलेले खोटे गट ठेवले. गट २६ जणींचा आणि प्रत्येकीने तीन नावे निवडायची, या अटी दोन्हीकडे सारख्या. फक्त खोट्या गटात नावे सोडतीने काढली. अशा सोडतीत एकमेकींनी एकमेकींना निवडल्याच्या जोड्या सरासरी चार-पाच निघतात आणि जिला कोणीच निवडले नाही अशी मुलगी गटात सरासरी एखादीच निघते. खऱ्या गटांत परस्पर जोड्या याहून पुष्कळ जास्त होत्या आणि कोणीच न निवडलेल्या मुलीही पुष्कळ जास्त होत्या. नुसत्या नशिबाने इतके एकटेपण वाट्याला येत नाही, हे आकड्यांनी दाखवून दिले.

चाळीस चिठ्ठ्यांचा खेळ

आता गावात येऊ. पुढचे उदाहरण आम्ही समजावण्यासाठी रचले आहे, ते कोणत्याही एका गावाचे नाही.

समजा, गावात आठ समित्या आहेत. पाणीपुरवठा, शाळा, आरोग्य, रेशन दक्षता, तंटामुक्ती, यात्रा, ग्रामविकास आणि स्वच्छता. प्रत्येकीत पाच जागा, एकूण चाळीस. गावात बौद्ध वस्तीचा वाटा एक-पंचमांश आणि चाळीसपैकी आठ जागांवर आपली माणसे. प्रस्थापित मंडळी म्हणतात, "बघा, तुमच्या वाट्याच्या आठ जागा तुम्हाला मिळाल्या. आता तक्रार कसली?"

वरवर पाहता हिशेब बरोबर आहे. पण यादी उघडली तर दिसते की आपल्या आठ जागांपैकी पाच स्वच्छता समितीत आहेत आणि तीन तंटामुक्तीत. पाणी, शाळा, रेशन, ग्रामविकास, जिथे पैसा आणि निर्णय आहे, तिथे एकही नाही.

हा योगायोग असू शकेल का? चाळीस चिठ्ठ्या करा. आठ निळ्या, बत्तीस पांढऱ्या. पिसून पाच-पाचचे आठ ढीग करा. किती ढिगांत निळी चिठ्ठी आली ते मोजा आणि लिहून ठेवा. पुन्हा पिसा. महिला मंडळाच्या एका दुपारी शंभर डाव सहज होतात. बहुतेक डावांत निळ्या चिठ्ठ्या पाच किंवा सहा ढिगांत पसरलेल्या दिसतील. कधी चार, कधी सात. सगळ्या आठ चिठ्ठ्या दोनच ढिगांत येणे किती दुर्मिळ? गणित सांगते, सुमारे ६१ हजार डावांत एकदा. रोज दहा डाव खेळलात तर सरासरी सोळा-सतरा वर्षांत एकदा!

यात आपण प्रतिपक्षाचे सगळे म्हणणे आधीच मान्य केले होते, हे ध्यानात घ्या. जागा आठच? कबूल. समिती पाच जणांची? कबूल. आपण फक्त एवढेच विचारले की ही आठ माणसे त्याच दोन खोल्यांत कशी जाऊन बसली?

कोणी म्हणेल, खऱ्या गावात एकच गृहस्थ तीन-तीन समित्यांवर असतो, त्याचे काय? त्यासाठी ढीग पिसण्याऐवजी अदलाबदल करायची. यादीतील कोणत्याही दोन नोंदी डोळे मिटून उचला. पाणी समितीतला एक आणि शाळा समितीतला एक. त्यांच्या जागा बदला. पण पाणीवाला शाळा समितीत आधीच असेल, किंवा शाळावाला पाणी समितीत आधीच असेल, तर ती बदली रद्द. एकाच समितीत एक माणूस दोनदा कसा बसेल? अशा शेकडो बदल्या करत गेले की यादी पूर्ण ढवळली जाते. तरी प्रत्येक माणसाच्या वाट्याच्या जागा तितक्याच राहतात आणि प्रत्येक समितीही तेवढीच राहते. तीन समित्यांवरचा गृहस्थ तीनच समित्यांवर राहतो, फक्त कोणत्या ते बदलते. हाताने हे कंटाळवाणे काम आहे. पण संगणक शिकलेली आपली पोरेपोरी दहा हजार ढवळण्या थोड्या वेळात करून देतील. वस्तीतल्या एखाद्या मुलीला हे काम सांगून पाहा.

कोर्टानेही मानले

हा केवळ खेळ नाही. अमेरिकेत टेक्सास राज्यातील हिडाल्गो काउंटीत मेक्सिकन वंशाचे लोक ७९ टक्के होते. पण तिथल्या 'ग्रँड ज्युरी'साठी, म्हणजे फौजदारी आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या पंच मंडळासाठी, अकरा वर्षांत बोलावलेल्या ८७० लोकांत ते फक्त ३३९ होते. नशिबावर सोडले असते तर सुमारे ६८८ आले असते आणि त्या आकड्यात साधारणपणे बारा-चोवीसचाच फरक पडला असता. इथे फरक जवळजवळ साडेतीनशेचा! १९७७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा हिशेब निकालात घेतला आणि एवढ्या तफावतीचा खुलासा देण्याची जबाबदारी सरकारी बाजूवर आहे असे ठरवले. सरकारला तो खुलासा देता आला नाही. पिडलेल्या माणसाने प्रत्येक वेळी अधिकाऱ्याच्या मनातला हेतू सिद्ध करत बसावे, ही सक्ती त्या हिशेबाने उठली.

खरी मेख अटीत आहे

मात्र एक धोक्याची सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. सोडतीचा निकाल अटींवर ठरतो. म्हणून अट कोणती धरायची, यावरच खरी लढाई होते.

समजा, समोरचा म्हणाला, "पाणी समितीत विहीरवालाच हवा, ही अट धरा." आपण धरली. वस्तीत एकाचीही विहीर नाही. आता कितीही वेळा सोडत करा, पाणी समितीत आपला माणूस येणारच नाही. निकाल निघेल, 'सर्व काही योगायोगाप्रमाणे.' अन्याय कुठे गेला? तो अटीच्या आत जाऊन लपला. विहीर कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, हा काय नुसता योगायोग आहे? पाणी नसलेल्याला पाण्याच्या कमिटीवर बसायचा हक्क जास्त, असे आम्ही म्हणू.

शास्त्रज्ञांतही यावरून मोठे भांडण झालेले आहे आणि तेही पक्ष्यांवरून! १९७५ मध्ये जेरेड डायमंड यांनी न्यू गिनीजवळच्या बेटांवरील पक्ष्यांविषयी लिहिले की काही जाती एकत्र राहत नाहीत, कारण त्यांची आपसात स्पर्धा आहे. १९७९ मध्ये कॉनर आणि सिंबरलॉफ यांनी सोडतीचे उत्तर दिले. प्रत्येक बेटावर किती जाती आणि प्रत्येक जात किती बेटांवर, एवढे कायम ठेवून ढवळले तर असे पुष्कळसे चित्र नशिबानेही दिसू शकते. त्यावर टीकाकारांनी बोट ठेवले ते असे की एखादी जात मोजक्याच बेटांवर उरली हाच जर स्पर्धेचा परिणाम असेल, तर तुम्ही तो परिणाम अटीत घालून टाकलात आणि मग म्हणता परिणाम सापडला नाही. हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. पक्ष्यांच्या जातींवरून एवढे, मग माणसांच्या जातींवरून किती सावध राहायला हवे!

तेव्हा कोणीही हिशेब मांडला, आपला असो की परका, तर पहिला प्रश्न विचारा की कायम काय धरले? आणि दुसरा प्रश्न, ते कोणी ठरवले?

'गुणवत्ते'ची अट

हाच प्रश्न मोठ्या कंपन्यांच्या दारात नेऊ. डी. अजित, हान डोंकर आणि रवी सक्सेना यांनी देशातल्या एक हजार मोठ्या कंपन्यांच्या २०१० च्या संचालक मंडळांचा अभ्यास केला. तो २०१२ मध्ये मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आला. एकूण ९,०५२ संचालकांत अनुसूचित जाती-जमातींचे मिळून ३१९, म्हणजे साडेतीन टक्के. ब्राह्मण आणि वैश्य मिळून नव्वद टक्के. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती-जमाती लोकसंख्येच्या पाव भाग होत्या. लोकसंख्येतून सोडत काढली असती तर सुमारे २,२८० जागा आल्या असत्या आणि नशीब फारच वाईट असते तरी २,१५० च्या खाली क्वचितच गेल्या असत्या.

समोरून लगेच उत्तर येईल, "लोकसंख्या कसली धरता? गुणवत्ता धरा!" बरे, गुणवत्ता धरू. तेही काम झालेले आहे. आपल्या विदर्भाचे अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, बदलले ते फक्त अर्जावरचे नाव. काही नावे सवर्ण वाटतील अशी, काही दलित, काही मुस्लिम. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सवर्ण नावाच्या अर्जाशी तुलना करता पुढचे बोलावणे येण्याचे प्रमाण दलित नावाला ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ इतके निघाले. गुणवत्ता कायम ठेवून पाहिली, तरी भेद उरलाच. गुणवत्तेच्या अटीआड लपायची जागाही या अभ्यासाने काढून घेतली.

आपल्या घरातले जाळे

दुसऱ्यांचा हिशेब मांडणाऱ्याने आपली वहीही उघडी ठेवली पाहिजे.

९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. जातीचा प्राण कशात आहे? सोवळे-ओवळे, धंदा, खाणेपिणे हे सगळे बाजूला सारून त्यांनी नेमके बोट ठेवले ते जातीतल्या जातीत लग्न या अटीवर. आणि पुढे त्यांनी चक्क हिशेब मांडला. गटाबाहेर लग्न बंद, म्हणजे गटात स्त्री-पुरुषांची संख्या जुळलीच पाहिजे. नवरा किंवा बायको मेली की एक माणूस 'जादा' उरतो. त्या जादा माणसाने कुंपण तोडू नये म्हणून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी आल्या, असे त्यांनी दाखवले. आजच्या भाषेत सांगायचे तर जात म्हणजे अट घातलेले लग्नाचे जाळे. संख्याशास्त्रज्ञांनी जाळ्यांचा अभ्यास सुरू करण्याच्या आधीच बाबासाहेबांनी जातीची अट शोधून काढली होती!

२०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्ने दर शंभरात सुमारे पाच निघाली. देशाचे हे चित्र झाले. आमचा प्रश्न आपल्या समाजाला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण जात टाकली. लग्न जुळवताना टाकली का?

समजा, एका वधू-वर सूचक मंडळाच्या वहीत शंभर बौद्ध लग्ने आहेत. मुलींत ८० पूर्वाश्रमीच्या महार घरांतल्या आणि २० मांग, चांभार, होलार, ढोर अशा घरांतून धम्मात आलेल्या. मुलांतही तसेच ८० आणि २०. जात खरोखर गळून पडली असेल आणि जोड्या चिठ्ठीने लागल्या असतील, तर शंभरपैकी सरासरी ३२ लग्ने ही ८०-२० ची रेषा ओलांडतील. कोणी म्हणेल, तालुका जुळावा लागतो, शिक्षण जुळावे लागते, वय जुळावे लागते. योग्य आहे, त्या अटी कायम ठेवा आणि त्यांच्या आत ढवळा. बत्तीसच्या जागी काही कमी निघेल. पण वहीत प्रत्यक्ष एक-दोनच निघाली तर काय म्हणायचे? 'योगायोग' म्हणायचे तोंड आपल्यालाही राहणार नाही. ही मोजणी ज्या विहाराला, ज्या मंडळाला शक्य आहे त्यांनी जरूर करावी. नावे गुप्त ठेवावीत, कोणाच्या घरावर बोट दाखवू नये, फक्त एकूण आकडा समाजापुढे ठेवावा.

काय करावे?

एक. माहितीच्या अधिकाराखाली (कायदा २००५ चा आहे) गावच्या समित्यांची अधिकृत यादी मागावी. अर्जाची फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला माफ, उत्तराची मुदत तीस दिवस.

दोन. यादी हातात आल्यावर, मोजणीच्या आधी, अटी कागदावर लिहाव्यात. निकाल पाहून अटी बदलणे म्हणजे ताळा जुळत नाही म्हणून रोजकीर्द खोडण्यासारखे आहे.

तीन. सोडत सर्वांसमोर करावी, जमल्यास समोरच्या मंडळींच्या हातूनच चिठ्ठ्या पिसवाव्यात.

चार. शंभर डावांत वीस-पंचवीस वेळा तसेच चित्र दिसले, तर त्या बाबतीत आरोप करू नये. शंभरात एखाद-दोन वेळाच दिसले किंवा कधीच दिसले नाही, तर मात्र ग्रामसभेत खुलासा मागावा आणि तो मागितल्याची नोंद इतिवृत्तात करून घ्यावी. दोन-चार जागांच्या छोट्या यादीवरून मोठा निष्कर्ष काढू नये.

पाच. सोडत एवढेच सांगते की हे नशिबाने झालेले नाही. कोणी केले, कसे केले, हे ती सांगत नाही. ते शोधायला माणसेच लागतात, सभा लागते, संघटना लागते.

तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांना सांगितले होते की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका, स्वतः तपासून पाहा. 'योगायोग' हाही असाच एक ऐकीव शब्द आहे. पुढच्या ग्रामसभेत तो कानावर पडला की आवाज चढवू नका. पिशवीतून चाळीस चिठ्ठ्या काढा, त्यांतल्या आठ निळ्या असल्याचे सर्वांना दाखवा आणि सरपंचांना हात जोडून म्हणा, "भाऊसाहेब, पिसा तुम्हीच."

जय भीम! नमो बुद्धाय!